शेऱ्याचा रकाना

वाळवीची एक थोरवी होती, ती तिच्या हयातीत कोणी ओळखली नाही. तिला वाचता येत नसे. रुमालात बांधलेली दप्तरे ती खात असे तेव्हा सनद कोणती आणि किरकोळ याद कोणती, असा भेद तिच्या ठायी नव्हता. जे दाताखाली येई ते ती खाई, आणि म्हणून जे उरे तेही कोणाच्या मर्जीने उरलेले नसे. पुढे माणसांनी वाळवीचा बंदोबस्त केला, दप्तरे संगणकात नेली, आणि काही वर्षांनी वाचता येणारी वाळवी स्वतःच्या हातांनी घडवून तिला ‘बीजागार’ असे मंगल नाव दिले.

शतपर्ण इंडस्ट्रीज या रसायनांच्या कंपनीत बीजागार बसले ते २०४१ साली. ते बसवण्यास हरकत नसल्याच्या प्रमाणपत्रावर मुख्य अभिलेखपाल शर्वरी दत्ताराम रेडीज यांची सही होती. त्या सहीची आठवण शर्वरीला पुढची अकरा वर्षे झाली नाही. सही करणे हे तिचे रोजचे काम होते, आणि घेतलेल्या श्वासांची मोजदाद कोणी ठेवत नाही. आठवण झाली ती २०५२च्या फेब्रुवारीत, कोल्हापूरच्या एका रुग्णालयात, सकाळी अकराच्या सुमारास.

पलंगावर हेरंब होता. शर्वरीचा थोरला भाऊ, वय बासष्ट, शतपर्णच्या खाडीकाठच्या रंगद्रव्य-प्लँटात तीस वर्षे ऑपरेटर. तीन महिन्यांपूर्वी दात घासताना त्याच्या हिरड्यांतून रक्त आले, आणि त्यानंतर ते कुठून ना कुठून येतच राहिले.

डॉ. रेहाना मुकादम यांनी समजावून सांगितले ते असे. शरीराच्या संरक्षक पेशींना स्मरणशक्ती असते. एकदा भेटलेला शत्रू त्या विसरत नाहीत. हेरंबच्या शरीरात पंचवीस वर्षांपूर्वी एक विषारी वाफ शिरली होती. तिचे रेणू हाडांच्या मज्जेतल्या प्रथिनांना चिकटले, पेशींनी त्यांना शत्रू म्हणून ओळखून ठेवले. रेणू कधीच निघून गेले, ओळख मात्र राहिली. उतारवयात ती ओळख बहकली होती. आता पेशी स्वतःच्याच मज्जेवर चाल करून जात होत्या. यावर अलीकडे उपाय निघाला होता, विस्मरण-लस: नेमक्या त्या एका रेणूची आठवण पेशींतून पुसून टाकणारी. मात्र रेणू नेमका ठाऊक हवा. भलत्या रेणूची लस दिली तर पेशी विसरण्याऐवजी चवताळतात, आणि मग माणसाला सहा आठवडेही मिळत नाहीत. लस एकदाच देता येते.

“तुमच्या प्लँटात त्या काळी दोनच माल निघायचे,” डॉक्टर म्हणाल्या. “पिंपावर पिवळा पट्टा असलेला आणि हिरवा पट्टा असलेला. दोघांचे रेणू जुळ्या भावांसारखे. फरक एका शेपटीचा, तो रक्तात दिसत नाही. पिवळा की हिरवा, एवढंच मला सांगा.”

“ते ठाऊक असतं तर मी गप्प बसलो असतो होय?” हेरंब म्हणाला. “वेसल तीनचं झाकण उघडलं नि पांढरा धूर आला. नेमका त्याच दिवशी माल बदलायचा होता. पिवळा संपून हिरवा लागला होता की लागायचा होता, देव जाणे. शुद्धीवर आलो तेव्हा बाहेर बाकावर होतो.”

“आणि आठवलं असतं तरी उपयोग नव्हता. वैद्यकीय मंडळाचा नियम आहे, विषाशी संपर्क आल्याचा दस्तऐवजी पुरावा लागतो. रुग्णाची आठवण पुराव्यात धरत नाहीत.”

“बरोबर आहे मंडळाचं,” पायथ्याशी मोसंबे सोलत बसलेल्या प्राजक्तावहिनी म्हणाल्या. “चार जिन्नस सांगितले तर दोन विसरून येणारा माणूस.”

“बघा, घरचा आहेर.” हेरंब हसला आणि लगेच दमला. “पण काळजी नको, डॉक्टर. आमचे शिफ्ट इन्चार्ज घाग नाना लिहिल्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत. आणि लिहिलेलं सांभाळायला आमची ही बसलीये तिथं. शरू, अकरा नोव्हेंबर सत्तावीस, दुसरी पाळी. आण गो तेवढा कागद.”

“आणते,” शर्वरी म्हणाली.

“आणि नाहीच मिळाला तर?” वहिनींनी डॉक्टरांना विचारले, फोडीवरची नजर न काढता.

“तर रक्त देत राहू. जूनपर्यंत.”

*

मोठ्या कंपनीला विस्मृतीची भीती नसते, जागेची असते. कामगारांच्या आरोग्याशी संबंधित नोंदी चाळीस वर्षे ठेवा, असे कायदा सांगतो. नोंदी ठेवणारी यंत्रे मात्र दहा वर्षांत म्हातारी होतात आणि त्या वाचणाऱ्या आज्ञावली त्याहून लवकर. म्हणून दर दहा वर्षांनी सगळा पसारा जुन्या घरातून नव्या घरात हलवावा लागतो. शतपर्णचा पसारा इतका वाढला होता की एक स्थलांतर पुरते संपण्याआधी पुढच्याची निविदा निघे.

बीजागाराने ही कटकट मिटवली. त्यात दस्तऐवज ठेवलाच जात नसे. यंत्राने आधी कंपनीचे कोट्यवधी दस्तऐवज वाचून काढले आणि कंपनीचा कागद कसा असतो हे शिकून घेतले: कशानंतर काय येते, कोणत्या महिन्यात कोणता आकडा असतो, कोणता माणूस कसे लिहितो. मग प्रत्येक दस्तऐवजापुरते फक्त एवढेच टिपून ठेवायचे, की यंत्राच्या अंदाजाहून तो कुठे वेगळा आहे. हे टिपण म्हणजे बीज. कोणी कागद मागितला की बीजापासून यंत्र तो पुन्हा उगवून देई. झाड कशाला ठेवता, बी ठेवा, असे विक्रेत्यांनी सांगितले होते, आणि संचालक मंडळाला शेतीतल्या उपमा फार आवडत.

यातली गोम गणिती होती आणि ती कोणी लपवलेलीही नव्हती. अपेक्षित गोष्ट साठवायला जागा लागत नाही. जागा लागते ती अनपेक्षिताला. रोजच्या सूर्योदयाची नोंद फुकटात होते, ग्रहणाची महाग पडते. तेव्हा जागा वाचवायची तर वगळायची ती ग्रहणेच. किती वगळलेली चालतील, या प्रमाणाला ‘सहनमर्यादा’ म्हणत. ती नोंदींच्या प्रत्येक वर्गाला वेगळी असे, आणि कोणती नोंद कोणत्या वर्गात घालायची हे ठरवणे अभिलेखपालाचे काम होते.

शर्वरीने ते आठ महिने खपून, मन लावून केले होते. अपघात, मृत्यू, चौकशी, न्यायालयाचे कागद: यांना सहनमर्यादा शून्य, म्हणजे अक्षर न् अक्षर जसेच्या तसे. सह्यांनाही शून्य, कारण कायदाच तसा होता. शेवटी तिने चाचणीही घेतली. सरसकट साठ्यातून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन हजार दस्तऐवज उचलले आणि मूळ व उगवलेले शेजारी ठेवून ताडून पाहिले. दोन हजारच्या दोन हजार जुळले. दोन हजार दिवस असे उचलले तर त्यांत ग्रहणाचा दिवस सापडणार नाही, हे समजायला गणिताची पदवी लागत नाही. शर्वरीकडे पदव्या दोन होत्या. तिने प्रमाणपत्रावर सही केली, आणि त्या आठवड्यात मूळ नोंदी पुसल्या गेल्या.

*

कोल्हापूरहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाळीची नोंद मागितली. पडद्यावर पान उगवायला दीड सेकंद लागला.

दिनांक ११ नोव्हेंबर २०२७. पाळी दुसरी. हवेतील वायूचे प्रमाण, आठ तासांचे आठ रकाने: ०.२, ०.२, ०.२, अगदी खालपर्यंत. वेसल एक, दोन, तीन, तापमान नेहमीचे. शेरा: निरंक. खाली इन्चार्जची सही, श. बा. घाग.

त्या पाळीत तिचा भाऊ बेशुद्ध पडला होता, आणि पान म्हणत होते की काही घडले नाही. तिने अपघात-नोंदवही मागवली. तिथली सहनमर्यादा शून्य होती. त्या तारखेला अपघात नव्हता. तिने भावाला फोन लावला.

“दादा, अपघात झाला की घाग नाना काय लिहायचे?”

“अपघात? छे. अपघात लिहिला की चौकशी आली, चौकशी आली की अख्ख्या पाळीला दोन महिने त्रास. अपघात कोणी लिहायचंच नाही.”

“मग काय लिहायचे?”

“दूध दिले.”

“काय दिले?”

“दूध गो. वायू लागला की गड्याला बाहेर बाकावर बसवायचं आणि अर्धा लिटर दूध पाजायचं. त्यानं काही होतं की नाही, डॉक्टरांनाच विचार. पण जुनी पद्धत. मग शेऱ्यात लिहायचं, अमक्याला दूध दिले, वेसल अमुक, माल तमुक. पुढच्या पाळीला बरोबर समजायचं कुठं सांभाळायचं ते. रीडिंगच्या रकान्यांना कोण विचारतो! ते पाळी चढतानाच खालपर्यंत भरून टाकायचे, झिरो पॉइंट टू. खरं काय असेल ते शेऱ्यात.” मग त्याने विचारले, “एवढी वर्षं कंपनीत आहेस, तुला माहीत नव्हतं?”

तिला माहीत नव्हते. कार्यालयाच्या इमारतीपासून प्लँट चारशे मीटरवर होता, आणि तेहतीस वर्षांत ती तिथे सुरक्षा-सप्ताहाच्या उद्घाटनापुरतीच गेली होती. तिने स्वतःची २०४१ची वर्गवारी उघडली. ‘दूध दिले व तत्सम शेरे’ सापडायला वेळ लागला नाही. वर्ग: उपाहारगृह. सहनमर्यादा: कमाल. चहा, बिस्किटे आणि कांदाभजी यांच्याच रांगेत. त्या वेळी ही ओळ भरताना झालेला आनंदसुद्धा तिला आठवला. शेकडो चमत्कारिक शेऱ्यांमध्ये हा एक सरळ, विचार करायला न लावणारा होता.

पुढच्या रकान्यात संख्या होती. सर्व प्लँट मिळून असे शेरे एकोणीस हजार तीनशे सहा.

*

बीजागाराचा व्यवस्थापक अमोघ कानिटकर हा अत्यंत नम्र तरुण होता. वाईट बातमी तो खुर्ची पुढे सरकवून मगच देत असे.

“हरवलंय असं म्हणता येणार नाही, मॅडम. सहनमर्यादेत आहे.”

“माणूस बेशुद्ध पडला होता, अमोघ.”

“मग तो शेरा उपाहारगृहात कसा गेला?” त्याने निरागसपणे विचारले आणि उत्तरादाखल स्वतःच प्रमाणपत्र उघडले. शर्वरीची सही पडद्यावर आली. शेवटच्या फटकाऱ्यासकट, जशीच्या तशी. शून्य मर्यादा.

“या पानाचं बीज केवढं आहे?”

“अकरा बाइट. अकरा बाइटमधून आठ तासांची पाळी उगवते. तसं पाहिलं तर सुंदरच आहे.”

“मी यंत्राला सांगितलं, की त्या पाळीत एकाला दूध दिलं होतं, तर?”

“तर उत्तमच. संदर्भ दिला की पीक सुधारतं.”

तिने संदर्भ दिला: हेरंब रेडीज, वेसल तीन, वायू लागला. पान पुन्हा उगवले. शेऱ्याच्या रकान्यात आता मजकूर होता: ‘वे. ३. हेरंब यास बाहेर बसविले. दूध दिले. माल पिवळा. ६.४० पूर्ववत.’ तीच तुटक वाक्ये, तोच जुन्या वळणाचा ‘बसविले’. खाली हिरव्या अक्षरांत: आशयतुल्यता ९९.९८ टक्के.

उठून भावाला फोन करावा असे तिला वाटले, आणि ती उठलीही. पण तेहतीस वर्षांची सवय वाईट असते. ती परत बसली, आणि संदर्भात तिने एक शब्द वाढवला: हिरवा.

‘वे. ३. हेरंब यास बाहेर बसविले. दूध दिले. माल हिरवा. ६.४० पूर्ववत.’ आशयतुल्यता ९९.९८ टक्के.

“यातलं खरं कोणतं?”

“दोन्ही सहनमर्यादेत आहेत, मॅडम.”

“मूळ नोंदीच्या जवळचं कोणतं, ते विचारते आहे.”

“मूळ नोंद आता नाही ना. तुल्यता मोजायची ती यंत्राच्या अंदाजाशी.” त्याने पडद्यावर बोट ठेवले. “आपण काही न सांगता त्यानं पिवळा धरला, कारण त्या वर्षी पिवळा माल जास्त निघत असणार. शंभरात एकसष्ट, असं दाखवतंय.”

म्हणजे यंत्राने स्वतःच्याच तोंडाकडे पाहून स्वतःला ओळखले होते, आणि त्या ओळखीला टक्केवारी लावली होती. विद्वानांच्या परिषदांत हे चालते. इथे त्यावर एका माणसाची मज्जा टांगलेली होती.

*

वहिनी औषधे आणायला खाली गेल्या होत्या. दुपारचे ऊन खाटेच्या कडेपर्यंत आले होते. शर्वरीने भावाला सगळे सांगितले. तिने स्वतःला कुठे वगळले नाही.

हेरंबने सलाइनच्या नळीकडे पाहिले.

“म्हणजे नानांनी लिहिलेलं सगळं गेलं?”

“हो.”

“सगळ्यांचंच?”

“माझ्या सहीनं गेलं.”

“टॅबलेट आला ना, तेव्हा नानांना टाइप करता येत नव्हतं,” तो म्हणाला. “एका बोटानं अक्षर शोधायचे. पाळी सुटल्यावर अर्धा अर्धा तास बसून राहायचे. आम्ही चेष्टा करायचो, नाना, आता कादंबरी पुरी करूनच घरी जा.” रागाची एवढीच वाक्ये तो बोलला. मग विचारले, “शिक्का तुझ्याकडंच असतो ना?”

“दादा, ते खोटं होईल.”

“आणि जूनमध्ये मी मरेन ते खरं होईल. त्या खऱ्याचं काय लोणचं घालायचं?”

“चुकला तर एप्रिलसुद्धा निघणार नाही.”

“आणि लागला तर?” तो कुशीवर वळला. “तू शिकलेली. तुझं यंत्र काय म्हणतं?”

“पिवळा. शंभरात एकसष्ट.”

“मग पिवळा. आणि हे बघ, प्राजक्ताला सांगू नको. कागद सापडला, एवढंच कळू दे तिला. बाई आधीच देवाशी काय काय बोलून बसलीये, त्यात हे कशाला?”

शंभरात एकसष्ट म्हणजे ज्ञान नव्हे, हे शर्वरी त्याला सांगू शकली असती. ज्या युक्तिवादाने यंत्राने ती पाळी निरंक केली होती, त्याच युक्तिवादाने आपण आता ती भरणार आहोत, हेही तिला कळत होते. अपेक्षित ते खरे मानावे. स्वस्त पडते.

तिने दुसऱ्या दिवशी ‘माल पिवळा’ म्हणणाऱ्या पानाची प्रमाणित प्रत काढली. अर्जात ‘नोंदीतील व्यक्तीशी नाते’ असा प्रश्न होता. तिने ‘नाही’वर खूण केली. यंत्राला संशय आला नाही. त्या खाडीपट्ट्यात रेडीज आडनाव घरोघर होते.

*

लस एक मार्चला दिली. प्राजक्तावहिनींनी खोलीबाहेर शर्वरीचे दोन्ही हात धरले. “तुम्ही होतात म्हणून, शर्वरीताई,” त्या म्हणाल्या. “नाहीतर कोणी शोधला असता पंचवीस वर्षांपूर्वीचा कागद?”

नवव्या दिवशी ताप चढला. बाराव्या दिवशी नाकातून रक्त थांबेना. हेरंबने शुद्धीत असताना बहिणीकडे एकदा पाहिले आणि खांदे किंचित उडवले, हातची गाडी चुकल्यावर माणूस उडवतो तसे. पाच एप्रिलला तो गेला.

डॉ. मुकादमांच्या मनात शंका आली नाही असे नाही. पण शास्त्राला तिची सोय करता येत होती. योग्य लससुद्धा हजारात चाळीस जणांना सोसत नाही, असे आकडे होते. आणि नोंद प्रमाणित असल्यामुळे लस योग्यच होती. हेरंब त्या चाळिसांत जमा झाला. मृत्यूच्या अहवालात लिहिले गेले: ‘योग्य उपचारास अपवादात्मक प्रतिक्रिया.’ भेटायला येणाऱ्यांना वहिनी सांगत, “कागद मिळाला होता हो. नशीबच नव्हतं.”

जगात एकटी शर्वरी जाणत होती, की अपवाद वगैरे काही नव्हता. माल हिरवा होता.

हे ज्ञान घेऊन ती मुकाट्याने निवृत्त झाली असती. माणसे याहून मोठी ज्ञाने घेऊन निवृत्त होतात. पण सत्तावीस एप्रिलला तिच्या टेबलावर एका पत्राची प्रत आली. एखाद्या पाळीत विषाशी संपर्क आल्याची प्रमाणित नोंद निघाली, की त्या पाळीतल्या इतरांना आपोआप कळवले जावे, असा नियम होता. आणि नियम उत्तम होता. त्या पाळीत वेसलवर तिघे होते. घाग नाना केव्हाच वारले होते. हेरंब गेला होता. तिसरा मोहन चोगले, ज्याने हेरंबला काखेत धरून बाहेर ओढले होते. त्यालाही माल कोणता ते आठवत नव्हते. तो आता नाशिकला मुलीकडे राहत होता आणि वर्षभर त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होते. पत्र मिळताच त्याच्या डॉक्टरांना रोगाचे मूळ सापडले. लस सहा मेला. रेणू: पिवळा. आधार: मुख्य अभिलेखपाल, शतपर्ण इंडस्ट्रीज, यांची प्रमाणित प्रत.

तिने डॉ. मुकादमांना फोन केला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितले.

“तुम्ही माझ्या हातानं हे करवलंत,” डॉक्टर म्हणाल्या.

“आधी सांगितलं असतं तर तुम्ही लस दिली असती?”

“नाही.”

“म्हणून.”

“माझं राहू द्या. चोगल्यांचं बघू.” आवाज आता कोरडा झाला होता. “तुम्ही लेखी कबूल केलंत तर नाशिकवाले लस थांबवतील. पण मग त्यांच्याजवळ पुरावाच उरत नाही. हिरवा दाखवायचा असेल तर जगात एकच पुरावा आहे.”

“कोणता?”

“हेरंब. लस दिल्यानंतरच्या त्यांच्या मज्जेचा नमुना आमच्याकडे आहे. दोन्ही जुळे रेणू समोर ठेवले तर पेशी कोणावर चवताळतात ते आता दिसेल. लसीआधी दिसलं नसतं. पण त्यासाठी त्यांच्या मृत्यूचं कारण बदलून लिहावं लागेल. चुकीच्या नोंदीवरून दिलेली चुकीची लस, असं. त्याला संमती लागते.”

“मी देते.”

“बहिणीची चालत नाही. पत्नीची लागते.”

*

तीस तारखेला सकाळी शर्वरीने आपला कबुलीजबाब मंडळाकडे आणि कंपनीकडे पाठवला. सोबत २०४१ची वर्गवारी जोडली, आणि एकोणीस हजार तीनशे सहा हा आकडा अधोरेखित केला. कंपनीचे उत्तर तासाभरात आले. त्यात तिला निलंबित केल्याचे कळवले होते, तिच्या वैयक्तिक गैरवर्तनाबद्दल तीव्र खेद व्यक्त केला होता, आणि उपाहारगृहविषयक नोंदी सहनमर्यादेत असल्याचे नमूद केले होते.

दुपारी ती भावाच्या घरी गेली. वहिनींनी पाणी आणून ठेवले. शर्वरीने मृत्यूच्या दुरुस्त अहवालाच्या दोन प्रती चटईवर ठेवल्या आणि सांगायला सुरुवात केली. सगळे ऐकून झाल्यावर वहिनींनी विचारले,

“यांना माहीत होतं?”

“हो.”

“मला नाही.”

“दादा म्हणाला होता, की...”

“ते म्हणाले. ते आयुष्यभर कायकाय म्हणाले. तुम्ही काय म्हणालात?”

शर्वरीने अहवालाची कड सरळ केली.

“लस दिली नसती तर जूनपर्यंत होते ना?”

“हो.”

“आज तारीख किती?”

“तीस एप्रिल.”

“म्हणजे आज असते,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी खोलीत एकवार नजर फिरवली, तो बसला असता त्या जागी ती थांबली, आणि पुढे गेली. “दुपारचं खाल्लं नसतं, म्हणाले असते भूक नाही. मी बडबडले असते. एकतीस दिवस तरी असते अजून. कमी नाहीत एकतीस दिवस.”

बाहेर कोणी तरी गाडी उभी करीत होते. पुढे, मागे, पुन्हा पुढे. वहिनींनी अहवाल उचलला आणि सावकाश वाचला. मृत्यूचे कारण. आधार. दुसऱ्या पानावर मोहन चोगले यांचे नाव होते, तिथे त्या थांबल्या.

“चोगलेभाऊजींनी यांना ओढून बाहेर काढलं त्या दिवशी, त्यांच्याही नाकातोंडात गेलं होतं,” त्या म्हणाल्या. “त्यांनी दूध घेतलं नाही. पोरीला नेतो म्हणाले. तेव्हा ती तान्ही होती.” मग त्यांनी पेन मागितले, आणि एकेक अक्षर सुटे काढत दोन्ही प्रतींवर सही केली: प्राजक्ता हेरंब रेडीज.

सात मेला नाशिकमध्ये मोहन चोगले यांना हिरव्या रेणूची लस मिळाली, आणि ती त्यांना लागू पडली. पण ते नंतर.

त्या दुपारी शर्वरीने सवयीने दोन्ही प्रतींकडे हात पुढे केला. अशा कागदांत अस्सल असते ते दप्तरात जाते आणि घरच्यांना नक्कल मिळते. ही रीत तिने स्वतः शेकडो घरांना समजावून सांगितली होती. वहिनींनी दोन्ही प्रती उलटून शिक्के पाहिले. अस्सल घडी घालून त्यांनी स्वतःच्या मांडीखाली ठेवली.

“ही इथं राहील,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नक्कल न्या, मॅडम.”

शर्वरीने नक्कल घेतली.